मधमाशीचा कोपरा

१

सव्वीस मुलांचा वर्ग मंगळवारी सकाळी बालसंग्रहालय बघून आला, आणि त्याच संध्याकाळी त्यातल्या वीस मुलांनी डोळे चोळत घर डोक्यावर घेतलं. कुणाच्या डोळ्यात वाळू टोचत होती, कुणाला दिव्याकडे बघवत नव्हतं. बुधवारी सकाळी पालक शाळेत गेले, शाळा संग्रहालयात गेली, आणि दुपारपर्यंत संग्रहालयाला दोषी माणूस सापडलासुद्धा. तळ्याच्या टेबलात हात घालून मुलं पाण्यातले किडे आणि बेडकाची पिल्लं बघतात. ते टेबल साफ करायचं काम तिथल्या जुन्या कामगाराचं, मामांचं. मामांच्या कपाटात ब्लीचिंग पावडरचा डबा निघाला. झालं. मामांना घरी बसवलं. शनिवारी समितीची बैठक होती आणि तिथे त्यांना कायमचं काढणार, हे ठरल्यातच जमा होतं.

गुरुवारी सकाळी मामी मिस्त्रींच्या दारात उभ्या राहिल्या.

मिस्त्री म्हणजे निवृत्त वेल्डर. पस्तीस वर्षं कारखान्यात काढलेली. त्यांची बायको त्या संग्रहालयात पर्यावरण आणि विज्ञानाचे कार्यक्रम चालवायची. तिला तिथे सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. सात महिन्यांपूर्वी ती गेली. संग्रहालयातून हार आला, पत्र आलं, आणि मग कुणीच आलं नाही.

"भाऊजी, तुमच्याकडे यायला तोंड नाही," मामी म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत एकदाही आलो नाही आम्ही."

"आत या, वहिनी. तोंड घेऊनच या."

मामी बसल्या, पण खुर्चीच्या काठावर. "बावीस वर्षं झाली त्यांना तिथे. मुलं मामा मामा करतात. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. आणि आता जायचं, तर मुलांच्या डोळ्यात विष घालणारा म्हणून जायचं. कालपासून जेवले नाहीत. बाई असत्या तर उभ्या राहिल्या असत्या हो."

"मी बाई नाही," मिस्त्री म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही."

"पण तुम्हाला तिथे कुणी अडवणार नाही. बाईंचे यजमान म्हणून तरी नाही."

त्या इमारतीत पाय ठेवायचा नाही असं मिस्त्रींनी मनाशी ठरवलं होतं. नाही म्हणण्याआधी काहीतरी विचारावं, म्हणून त्यांनी विचारलं, "मुलं तिथेच रडायला लागली का? टेबलापाशी?"

"छे! हसत खेळत गेली. डबे खाल्ले, घरी गेली. दिवेलागणीला सुरू झालं सगळ्यांचं. जवळजवळ एकाच वेळी."

"वाळू गेल्यासारखं?"

"हो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

ब्लीचिंग डोळ्यात गेलं तर माणूस जागच्या जागी किंचाळतो. ते सहा तास वाट बघत बसत नाही. सहा तास दम धरून मग वाळूसारखी टोचणारी एकच गोष्ट मिस्त्रींना माहीत होती. उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतः ती भोगली होती. पण ती गोष्ट लहान मुलांच्या संग्रहालयात असायचं काहीएक कारण नव्हतं.

त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला.

२

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात तळ्याचं टेबल होतं तिथेच होतं. त्याच्याभोवती दोरी लावली होती. मिस्त्री दोरीवरून वाकले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

"काय मिस्त्री, सात महिन्यांनी आठवण झाली का आमची?" मागून आवाज आला. संग्रहालयाचा सुतार होता. कानावर पेन्सिल, अंगभर भुसा.

"आठवण तुम्हाला यायची होती."

सुतार ओशाळला, पण तेवढ्यापुरताच. "खरंय तुमचं. बरं, काय बघताय? ब्लीचिंग दिसतंय का?"

"बेडकाची पिल्लं दिसतायत. पोहतायत. पाणी बदललं का कुणी?"

"कशाला बदलतील? तपासणीसाठी तसंच ठेवलंय. साहेबांनी बाटली भरून कुठेतरी पाठवलीय, उत्तर यायचंय."

"मुलांचे डोळे जाळणारं पाणी, आणि ही पिल्लं मजेत?"

सुतारानं कानावरची पेन्सिल काढली, बघितली आणि परत ठेवली. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कुणाच्याच आलं नाही. माणूस मिळाला होता ना."

दालनाच्या टोकाला काळ्या पडद्याचा एक छोटा कोपरा होता. बाईंनी केलेलं ते शेवटचं काम. आपल्याला जे फूल नुसतं पिवळं दिसतं, त्यावर मधमाशीला खुणा दिसतात. तिला आपल्यापेक्षा वेगळा उजेड दिसतो. तसल्या एका दिव्याखाली फुलं ठेवली की पाकळ्यांवर, परागांवर काय काय चमकायला लागायचं. मुलं अंधारात नाकं खुपसून बघायची. या कोपऱ्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लटकत होती.

"हे काय बिघडलंय?"

"मला काय माहीत? दुरुस्ती म्हणजे मीच ना इथे? माझ्याकडे कुणी आलंच नाही. मंगळवारी दिवा चालू होता, मी स्वतः बघितला. बुधवारी सकाळी आलो तर पाटी. बेडूकताईनं लावली म्हणे."

बेडूकताई म्हणजे बाईंची मदतनीस. बाईंच्या हाताखाली नऊ वर्षं शिकली आणि बाईंच्या मागे त्यांच्या खुर्चीत बसली. हे नाव मुलांनी ठेवलेलं.

"कशी आहे ती?"

"कशी असणार? बुधवारी तिचेही डोळे लाल, सुजलेले. उजेडात यायला तयार नाही. मामांसाठी रात्रभर रडली म्हणे बिचारी." सुतारानं हात झटकले. "आमच्यासाठी कोण रडतंय! तुम्हाला म्हणून सांगतो, हा कोपरा मला कधीच आवडला नाही. हवा नाही, उजेड नाही. बाईंना मी म्हटलं होतं, लाकडी मधमाशी करून देतो चांगली, बसतील पोरं तिच्यावर. तर म्हणाल्या, बसायला घोडा असतो. तुमच्या मंडळींच्या तोंडाला कोण लागणार!"

मिस्त्रींना हसू आलं, आणि आल्याचा रागही आला. त्यांनी पडदा बाजूला केला. काळ्या पेटीत फुलांची कुंडी वाळत होती. वर दिव्याची पट्टी होती, दोन्ही टोकांना पितळी पकड होती.

मधली नळी काढून नेलेली होती.

३

शाळेत वर्गशिक्षिका मधल्या सुट्टीत भेटल्या. दोन दिवस पालकांची बोलणी खाऊन त्यांचा आवाज बसला होता.

"तुम्ही संग्रहालयाकडून आलात का? मग मला काही बोलायचं नाही."

"मी कुणाकडून आलो नाही. मी वेल्डर आहे."

"वेल्डर?" शिक्षिकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "वेल्डरचा काय संबंध?"

"तेच बघायला आलोय. सव्वीसांतल्या सहा मुलांना काही झालं नाही. ती सहा कोण?"

शिक्षिकांनी वही काढली. तिथे सगळं लिहून ठेवलेलं होतं. अशा बायका असतात, म्हणून जग चालतं, आणि पहिला दणका त्यांनाच बसतो.

"पाण्यात हात सगळ्यांनी घातला?"

"सगळ्यांनी. एकीनं तर बेडूक खिशात घालून आणला होता. तिला काहीच झालं नाही बघा. ती या सहांतली."

"ती चष्मा लावते का?"

शिक्षिका थबकल्या. वहीवर बोट ठेवून एकेक नाव त्या मनातल्या मनात वाचू लागल्या. "लावते," त्या म्हणाल्या. "हाही लावतो. हाही. आणि ही." त्यांनी मान वर केली. "चौघं चष्मेवाले. माझ्या वर्गात चौघांनाच चष्मा आहे."

"उरलेले दोन?"

"एकाचं पोट दुखत होतं, तो सुरुवातीपासून बसमध्येच... नाही, तळ्यापाशी होता, मग त्याला बसमध्ये नेलं. दुसरी अंधाराला घाबरते. त्या काळ्या पडद्याच्या आत गेलीच नाही."

"डोळ्यांशिवाय आणखी काही?"

"कपाळं लाल झाली होती काहींची. उन्हात खेळल्यावर होतात तशी. पण त्या दिवशी मैदानावर नेलंच नव्हतं."

मिस्त्रींनी डोळे मिटले. पाणी सगळ्यांना लागलं, अंधार चोवीस जणांना लागला, त्यातले चौघं काचेआड होते. राहिले वीस. पाण्यात काही नव्हतं. उजेडात होतं. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंगचा लखलखाट बघितला की काम चालू असताना काही कळत नाही, संध्याकाळी घरी गेल्यावर वाळू टोचायला लागते. साध्या काचेनंही तो उजेड बराचसा अडतो.

"मुलांचे डोळे?" शिक्षिकांनी हळूच विचारलं. "कायमचं काही?"

"नाही. दोन दिवसांत उतरतं. उतरलंही असेल."

"उतरलंय. पण पालक उतरले नाहीत अजून." त्या जराशा हसल्या. "त्या मामांनाही चष्मा आहे, नाही का? समितीच्या पत्रात तेच लिहिलंय. सगळ्यांना त्रास झाला, तेवढ्या मामांना झाला नाही, म्हणजे त्यांना माहीत होतं."

मिस्त्री उठले. कारखान्यात असं काही कुणी बोललं असतं, तर त्यांनी हातातली पकड फेकून मारली असती.

४

"मिस्त्री, बसा ना," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "तुम्हाला बघून बरं वाटलं. बाईंच्या नावाची पाटी करायला टाकलीय. तो मधमाशीचा कोपरा आता त्यांच्या नावानं. पुढच्या महिन्यात कार्यक्रम. तुम्हालाच पडदा सारायचा आहे."

"मामांना कोण सारणार, ते सांगा आधी."

साहेबांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त शनिवार पार पाडायचा होता.

"पालकांना उत्तर हवंय, मिस्त्री. मामांना एक वर्ष राहिलंय. सन्मानानं सोडू, कागदावर कमी लिहू."

"पाण्यात पिल्लं जिवंत आहेत, साहेब. पाण्यात काही नव्हतं. त्या कोपऱ्यातल्या दिव्यानं झालंय. नळी कुणी बदलली?"

साहेब बराच वेळ टेबलावरच्या टाचणीशी खेळत राहिले. "मला दिव्यातलं काही कळत नाही. बदलली असेल तर मामांनीच. वस्तू बदलायचं काम त्यांचंच. म्हणजे शेवटी माणूस तोच ना?" आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही या दिव्याच्या मागे लागू नका. त्या कोपऱ्यावर कुणाचं नाव लागणार आहे, याचा विचार करा."

तिथून मिस्त्री मामांच्या घरी गेले. मामा खिडकीपाशी बसले होते, जाड भिंगांचा चष्मा मांडीवर. ते एकदम म्हातारे दिसत होते.

"मिस्त्री, पडली असेल हो जास्त पावडर माझ्या हातून," ते म्हणाले. "मी दहादा आठवून बघितलं. मला वाटतं चिमूटभरच टाकली, आणि तीसुद्धा बादलीत, टेबलात नाही. पण वय झालं. एवढे शिकलेले लोक म्हणतायत तर..."

"शिकलेले लोक गाढव आहेत. कोपऱ्यातली नळी तुम्ही बदलली?"

"हो, सोमवारी. सुट्टी होती. जुनी लुकलुकायला लागली होती. ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या, बाईंचा जादा डबा आहे बघा भांडारात, त्यातली लावा."

"कुठला डबा?"

"बाईंचं ठाऊक आहे ना तुम्हाला. नवीन खोका म्हणून आणायचा नाही. आलेल्या वस्तूचा खोका मुलांच्या कामाला द्यायचा आणि वस्तू जुन्या डब्यात. डब्यावर नाव नाही, चित्र. म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलालाही डबा आणून देता यावा. माशाचं चित्र म्हणजे माशांच्या टाकीचं सामान, फुलाचं चित्र म्हणजे कोपऱ्याचं. मी फुलाचा डबा उघडला, आत नळी होती, ती लावली. उजेड जरा निळसर वाटला. म्हटलं नवीन आहे."

"तो डबा कुठे आहे आता?"

"भांडारात. फळीवर."

पण मिस्त्री येताना नळी शोधायला भांडारात डोकावून आले होते. फळीवर माशाचा डबा होता. त्याच्या शेजारी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

५

बेडूकताई बाईंच्या जुन्या खोलीत बसली होती. समोर मुलांनी केलेले शोभादर्शक ओळीनं मांडले होते, लांबट खोक्यांचे. खोके उलटे करून, साधी बाजू बाहेर घेऊन मुलांनी त्यावर रंग दिले होते. मिस्त्रींनी एक उचलला, डोळ्याला लावायच्या ऐवजी आतून बघितला. आतल्या बाजूला लाल अक्षरं छापलेली होती. त्यांनी शोभादर्शक दिव्याकडे धरून वाचली: उघड्या डोळ्यांनी किंवा त्वचेवर हा प्रकाश घेऊ नये.

"काका," ती म्हणाली. "ठेवा ना ते."

"तू त्या अंधारात मुलांना घेऊन उभी होतीस. तुझ्याही डोळ्यांना लागलं. म्हणून तुला बुधवारी सकाळीच कळलं. मामांसाठी रडली नव्हतीस तू."

तिनं नाही म्हटलं नाही. "मंगळवारी संध्याकाळी मला वाटलं, थकवा. बुधवारी पहाटे कपाळ आरशात बघितलं आणि पळत आले. पेटीत काळसर जांभळ्या काचेची नळी हवी होती. तिथे स्वच्छ काचेची होती. ती माशांच्या टाकीची, काका. पाण्याच्या यंत्रात बंद झाकणाआड असते ती, पाण्यातले जंतू मारायला. दोन्ही नळ्या एकाच मापाच्या. खोक्यावर इशारा होता, पण खोके..." तिनं शोभादर्शकांकडे बघितलं.

"आणि तू नळी काढलीस, डबा लपवलास, पाटी लावलीस, आणि मामांना जाऊ दिलंस."

"त्यांना मी दुसरीकडे काम बघून देणार होते. खरंच. माझ्या ओळखीची एक शाळा आहे."

"त्यांना काम नकोय, पोरी. त्यांना मुलांनी मामा म्हणायला हवंय."

ती रडायला लागली. मिस्त्री उभेच राहिले. कुणी रडलं तर काय करायचं, हे ते सात महिन्यांत विसरले होते.

"मी बाईंसाठी केलं," ती म्हणाली. "त्यांचा शेवटचा कोपरा. आणि माझ्यासाठीही केलं, ते नाकारत नाही. डबा न तपासता लावा म्हणून मीच सांगितलं."

"तिच्यासाठी काही करायला नको होतं. तिनं चूक केली असेल तर केली. शेवटी शेवटी तिला पेन्सिल धरवत नव्हती. तिची चूक मी समितीपुढे सांगीन. ती असती तर तिनं स्वतः सांगितली असती. डबा दे इकडे."

"काका, तुम्ही घरी जा."

"डबा दे."

"मी तुमच्या पाया पडते. माझं नाव सांगा, मीच डबे बदलले म्हणून सांगा, मी हो म्हणते. पण डबा नको."

मिस्त्रींनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी तिनं कपाटाच्या तळातून डबा काढला. लांबट पत्र्याचा, बिस्किटांचा. झाकणावर फुलाचं चित्र. पाच पाकळ्या, बाईंच्याच हातच्या, जराशा थरथरलेल्या. चित्र चारही बाजूंनी काळ्या पट्टीनं चिकटवलेलं होतं.

मिस्त्रींनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे तिचं नाही!" ते जवळजवळ ओरडले. "चित्र तिचं, पण भरलाय दुसऱ्यानं. ही वायरीची चिकटपट्टी आहे. तिनं जन्मात वापरली नाही. तुमच्या खात्यात एवढासा प्लॅस्टिकचा तुकडा आला तरी ती तासभर बोलायची. सगळं खळ लावून चिकटवायची, तूही तसंच करतेस, मामाही तसंच करतात. इथल्या कुणाचंच काम नाही हे! बाहेरच्या माणसानं भरलाय डबा. तिची चूक नाहीच. तिची नाहीच!"

ताई रडायची थांबली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. वाईट बातमी सांगण्याआधी डॉक्टर आजाऱ्याच्या घरच्यांकडे बघतात, तशी.

"हो काका," ती म्हणाली. "बाईंची नाही."

मिस्त्रींनी परत पट्टीकडे बघितलं. कडा कात्रीनं कापलेल्या नव्हत्या. दातानं तोडलेल्या होत्या, डाव्या बाजूनं, तिरक्या. पस्तीस वर्षं एका हातात काम धरलेलं असलं की माणूस पट्टी दातानं तोडतो.

ते खाली बसले.

जाण्याआधीच्या महिन्यात बायकोनं कामाचं राहिलेलं सामान घरी मागवून घेतलं होतं. पलंगावर बसून डबे लावायची. त्या दुपारी दोन डबे, दोन चित्रं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन नळ्या तिच्या पायाशी होत्या. "या दोन राहू द्या, मी उठल्यावर सांगते कुठली कशात," ती म्हणाली होती. तीन दिवसांनी तिला पहिल्यांदा झोप लागली होती. आणि मिस्त्रींना वाटलं होतं, उठायच्या आत काम उरकून ठेवावं, तिला बरं वाटेल. एक नळी काळी होती. कारखान्यात काळी पडलेली नळी म्हणजे गेलेली, जुनी. फुलांना चांगली, स्वच्छ काचेची हवी, हे उघडच होतं. काळी त्यांनी माशाला दिली. डबे बंद केले, चित्रं चिकटवली, पिशवीत भरले. ती उठली तेव्हा म्हणाली, "झालं पण?" ते म्हणाले, "झालं." तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिनं परत उघडून बघितलं नाही. तिचा विश्वास होता.

"माशांच्या डब्यात काळी नळी अजून आहे," ताई म्हणाली. "मी बघितली. पट्टी बघितल्यावर मला लगेच कळलं. म्हणून म्हणत होते."

६

शनिवारी सकाळी समिती बसली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मिस्त्रींनी टेबलावर दोन डबे, दोन नळ्या आणि एक शोभादर्शक ठेवला. शिक्षिकांची वही ठेवली. मग उभं राहून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ताईनं आपलं सांगितलं. बोलायला फार वेळ लागला नाही. खऱ्या गोष्टीला लागत नाही.

मामांवरचा आरोप तिथल्या तिथे मागे घेतला. उद्यापासून कामावर या, असं त्यांना सांगितलं. ताईला लेखी ताकीद मिळाली.

मग अध्यक्षबाईंनी अहवाल वाचून दाखवला. "माजी कार्यक्रमप्रमुखांच्या ताब्यातील साहित्य चुकीच्या डब्यात ठेवले गेल्याने..."

"ठेवलं गेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "मी ठेवलं. माझं नाव लिहा."

"तुम्ही आमचे कर्मचारी नाही. साहित्य त्यांच्या जबाबदारीवर घरी गेलं होतं. आम्हाला जबाबदार व्यक्तीच लिहावी लागते."

"ती झोपली होती!"

"आम्हाला तुमच्या भावना समजतात."

"भावना नाहीत या. डबा मी भरला, एवढंच सांगतोय. पट्टी बघा. दात बघा माझे हवे तर."

कुणीतरी खोकलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. अहवाल होता तसाच राहिला. नावाच्या पाटीचा विषय सध्या स्थगित ठेवावा, असं शेवटच्या ओळीत आलं. त्यावर कुणी हात वर करायचीही गरज पडली नाही.

बाहेर पायरीवर मामा उभे होते. चष्मा पुसत होते.

"तुमचं काम झालं, मामा."

"झालं," मामा म्हणाले. मग म्हणाले, "बाईंचं नाव घालवलंत हो, मिस्त्री. मला एक वर्षच राहिलं होतं." आणि पायऱ्या उतरून गेले.

मिस्त्रींनी मागून हाक मारली नाही. ते शाळेत गेले. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. शिक्षिका कुलूप लावत होत्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडून वीस घरांचे पत्ते मागितले. आधी त्या नाही म्हणाल्या. त्यांनी कारण सांगितल्यावर बाकावर बसून एकेक पत्ता स्वच्छ अक्षरात लिहून दिला.

पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडणाऱ्या आईच्या मागे एक मुलगी चपलेचा बंद बांधत होती. तिचे डोळे आता बरे होते.

"मंगळवारी संग्रहालयात जे झालं," मिस्त्री म्हणाले, "ते माझ्यामुळे झालं."

मुलीच्या आईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "आत्ताच फोन आला एका पालकांचा. तिथल्या कुणा बाईंकडून झालं म्हणे. वारल्या ना त्या?"

"माझी बायको. तिच्याकडून नाही. दिव्याच्या नळ्या डब्यात मी भरल्या. चुकीच्या भरल्या."

"मग त्या कुठे होत्या?" तिचा आवाज चढला. दोन दिवस मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा आवाज होता तो, आणि तिचं बरोबर होतं. "त्यांचं काम ना ते? त्यांना विचारायचं नाही का तुम्ही?"

"झोपली होती," मिस्त्री म्हणाले. "मी उठवलं नाही."